बेशुद्ध माणसाचं काम

"म्हणजे मी अजून लायक झालो नाही, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

तांबोळी गुरुजी दोराचा गुंता सोडवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तसं म्हणालो का मी?"

"तीन रविवार झाले, गुरुजी."

"हं. तीन झाले."

"मग स्कार्फ कधी?"

गुरुजींनी दोराचं एक टोक शोधून काढलं, ते दुसऱ्या टोकाशी जुळवून पाहिलं आणि म्हणाले, "आज पडणार आहात ना पुन्हा?"

भूपाल मगदूम खाली वाकले. बूट काढून त्यांनी चिंचेच्या बुंध्याशी नीट जोडीने ठेवले. पडायचं तर होतंच.

मगदूमसाहेब साखर कारखान्यात एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. प्रथमोपचाराची त्यांच्याकडे सात प्रमाणपत्रं होती. सातही चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलेली. पाहुण्याचा चहा येईपर्यंत वाचून व्हावीत इतक्या अंतरावर. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने त्यांनी घर सुरक्षित केलं. गॅसची नळी बदलली, जिन्याच्या पायऱ्यांना पिवळे पट्टे मारले, मोलकरणीला शिडी कशी धरायची ते शिकवलं. सातव्या महिन्यात घरात असुरक्षित असं काही उरलं नाही, आणि घरच्यांच्या चेहऱ्यावर ते दिसू लागलं.

त्याच सुमारास शाळेच्या फळ्यावर सूचना लागली. स्काऊट पथकाला नवा स्काऊटमास्तर हवा होता.

गुरुजी मूळचे चित्रकलेचे शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर. एकेचाळीस वर्षं ते नदीकाठच्या मैदानात दर रविवारी सकाळी पोरं जमवत आले होते. आता गुडघे दोन्ही गेले होते. शाळेने त्यांना कळवलं होतं की जूनपर्यंत दुसरा माणूस मिळाला नाही, तर पथक बंद. बत्तीस पोरांनी रविवारी काय करायचं ते शाळेने कळवलं नव्हतं.

अर्ज एकच आला. तीन प्रतींत.

सोबत सात प्रमाणपत्रांच्या साक्षांकित नकला होत्या. गुरुजींनी त्या सगळ्या पाहिल्या, एका नकलेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चिंचेची फांदी काढली आणि अर्जदाराला रविवारी यायला सांगितलं.

मगदूमसाहेब गणवेश शिवूनच आले. शिट्टीही आणली होती. कमी होता तो फक्त स्कार्फ. तो विकत मिळत असला तरी विकत घेऊन घालायचा नसतो, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी गल्लीत सांगूनही टाकलं होतं की मे अखेरीस पथक त्यांच्याकडे येतंय.

आणि आज मे महिन्यातला शेवटचा रविवार होता.

अडचण एका जुन्या रिवाजाची होती. या पथकात येणारा प्रत्येक जण, मग तो अकरा वर्षांचा असो की साठीचा, आधी जखमी व्हायचा. चिंचेखाली बेशुद्ध पडायचं. पोरं येऊन पट्ट्या बांधणार, दोन काठ्या आणि दोर यांचं स्ट्रेचर करणार, उचलून नदीच्या घाटापर्यंत नेणार आणि परत आणून ठेवणार. तोवर शुद्धीवर यायचं नाही. एवढं झालं की गुरुजी गळ्यात स्कार्फ घालत.

आजवर यात कोणी नापास झालं नव्हतं. मदतीला म्हणून आलेला एक पोलीस उपनिरीक्षक तर रात्रपाळी करून आला होता. पोरांनी त्याला परत आणून ठेवलं तरी तो उठेना. गुरुजींनी झोपेतच त्याला स्कार्फ घातला.

मगदूमसाहेबांना वाटलं होतं, हे काम अर्ध्या तासाचं आहे.

पहिल्या रविवारी त्यांच्या कपाळाला जखम झाली, असं ठरलं. पट्टी बांधायला टोळीनायक सुमेध कांबळे बसला. तेरा वर्षांचा मुलगा, गंभीर, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. त्याने पट्टीचे दोन वेढे दिले आणि गाठ मारायला घेतली.

"गाठ जखमेवर येता कामा नये," मगदूमसाहेब म्हणाले. "बाजूला घे. कानाच्या वर."

सुमेधने हात थांबवले.

"काका, तुमी बेशुद्ध हाईसा."

"हो, ते आहेच. पण गाठ—"

"बोलू नगासा."

"अरे, मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

सुमेधने बुंध्याशी बसलेल्या गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी एक बोट वर केलं आणि फिरवलं. म्हणजे पुन्हा. पुढच्या रविवारी.

दुसऱ्या रविवारी त्यांचा पाय मोडला. मांडीपासून घोट्यापर्यंत फळी बांधायची होती. या खेपेला त्यांनी डोळे अगदी घट्ट मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांनीच फळीची लांबी, गाठींची संख्या आणि दोन गाठींमधलं अंतर सांगितलं. डोळे मिटलेले असल्यामुळे ते चालेल, अशी त्यांची समजूत होती.

"काका झोपेत बोलाय लागलं," एक पोरगं म्हणालं.

"भाषण करत्यात," दुसरं म्हणालं.

तिसऱ्या रविवारी ते बोललेच नाहीत. फक्त एकदा उजव्या हाताचं बोट उचलून, सैल राहिलेल्या पट्टीकडे दाखवलं आणि हात पुन्हा छातीवर ठेवून दिला.

पोरं थबकली. बेशुद्ध माणसाने बोट दाखवलं तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्या दिवशी पोरं गेल्यावर मगदूमसाहेब गुरुजींपुढे उभे राहिले.

"चूक समोर दिसतेय, तरी गप्प बसायचं? हे कुठलं शिक्षण, गुरुजी?"

"बेशुद्ध माणसाला चूक दिसते?"

"मी काही खरा बेशुद्ध नाहीये."

"पोरांचंही तेच म्हणणं आहे."

मगदूमसाहेबांनी श्वास घेतला. कारखान्यात व्याख्यान सुरू करण्यापूर्वी ते असाच घेत.

"एकतीस वर्षं मी माणसांना हेच शिकवलं. चारशे माणसं एका वेळी समोर असायची. एकाने कधी उलट शब्द काढला नाही."

"शुद्धीवर होती?"

"कोण?"

"ती चारशे माणसं."

मगदूमसाहेबांना व्याख्यानाची वेळ आठवली. दुपारी अडीच. जेवणानंतरची.

"तुम्हाला मी नकोय, तर तसं सांगा," ते शेवटी म्हणाले. "दुसरं कोणी आलंय का?"

"नाही."

"मग पथक बंद पडेल."

"पडेल."

"आणि तरी तुम्ही एका पट्टीवरून—"

"उन्हं चढली," गुरुजी म्हणाले. "घरी वाट बघत असतील."

त्या आठवड्यात मगदूमसाहेबांनी सराव केला. कुठलीही गोष्ट सरावाने येते, यावर त्यांचा विश्वास होता. दुपारी दिवाणावर ते निपचित पडत. समोर पत्नी, राजमतीबाई, लोणच्याची बरणी भरत. एकदा त्यांनी झाकण तिरकं बसवलं. साहेबांनी पाहिलं, बोलले नाहीत. तेल ओघळलं, तरी बोलले नाहीत. राजमतीबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग उठून त्यांच्या कपाळाला हात लावला.

"अंगात कसर आहे का हो?"

ते हसले नाहीत. पण मनात म्हणाले, जमलं.

आणि आज ते चौथ्यांदा चिंचेखाली आडवे झाले.

उशाला कुणीतरी गुंडाळलेली सतरंजी दिली. त्यामुळे डोकं जरा उंच राहिलं आणि पापण्या केसभर उघड्या ठेवल्या की पायापर्यंतचं सगळं दिसत होतं. हे त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. पापण्याच तशा राहिल्या.

दोन्ही खांद्यांना पट्ट्या झाल्या. एक पट्टी वाकडी होती. त्यांनी ती जाऊ दिली.

मग स्ट्रेचर. शेजारी दोन काठ्या समांतर ठेवल्या गेल्या आणि त्यांच्यामध्ये दोराची जाळी विणायला सुरुवात झाली. डोक्याकडची बाजू सुमेधने घेतली. पायाकडची बाजू मल्लूकडे आली.

मल्लू पथकातला सगळ्यात लहान. हिरेमठांचा मल्लिकार्जुन. याच वर्षी आलेला, आणि कोणतंही काम करताना जिभेचं टोक बाहेर काढून करणारा. काठीला दोर पक्का करायची पहिली गाठ त्याने घातली. तिची रीत अशी की पहिला वेढा द्यायचा, दुसरा त्याला ओलांडून द्यायचा आणि टोक त्या दुसऱ्या वेढ्याच्या खालून ओढून घ्यायचं. मग जितकं वजन पडेल तितकी ती आवळत जाते. मल्लूने दुसरा वेढा दिला आणि टोक खालून न घेता वरूनच गुंडाळलं. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. वजन पडेपर्यंत.

मगदूमसाहेबांना ते दिसलं.

कारखान्यात ही एक गाठ त्यांनी किती जणांकडून घोटून घेतली असेल, त्याला हिशोब नव्हता. ती कधी सुटेल हेही त्यांना कळत होतं. सपाटीवर टिकेल. उतारावर, पायाकडे वजन सरकलं, की सुटेल. घाटाच्या अलीकडे उतारच आहे.

त्यांची जीभ टाळ्याला लागली... आणि तिथेच राहिली.

चिंचेखाली गुरुजी बसले होते. त्यांच्या मांडीवरच्या शबनम पिशवीत घडी घातलेला स्कार्फ होता, निळ्या कडेचा. कड बाहेर आलेली दिसत होती.

मगदूमसाहेबांनी पापण्या पूर्ण मिटल्या.

"पेशंटला सरकवा," सुमेध म्हणाला. "डोकं धरा. काका, तुमी काय मदत करू नगासा."

त्यांनी काहीच मदत केली नाही. सहा पोरांनी त्यांना जाळीवर घेतलं. अंग सैल सोडायला ते आठवडाभर शिकले होते; ते आता पोत्यासारखे जड झाले होते आणि त्यांना त्याचा थोडा अभिमानही वाटला.

"एक, दोन, उचला."

उचललं. पोरं चालू लागली. वर पानांमधून ऊन येत-जात होतं, ते मिटल्या डोळ्यांना तांबडं दिसत होतं. सुमेध पावलं मोजत होता. पायाकडे मल्लूचा श्वास ऐकू येत होता. त्याने काठीचं टोक दोन्ही हातांनी धरलं असावं.

"जड हाईत काका," मल्लू म्हणाला.

"बोलू नको. पेशंट घाबरतोय."

"पेशंट बेशुद्ध हाय की."

"आज हाय खरं," सुमेध म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं.

ते कौतुक मगदूमसाहेबांना ऐकू आलं. फार गोड वाटलं.

एकतीस... बत्तीस... तेहतीस.

उतार लागला. वजन पायाकडे सरकलं.

दोर काठीवरून सरसर घसरल्याचा आवाज त्यांनी ओळखला. डोळे उघडायला वेळ मिळाला नाही. पाय खाली गेले, डावा घोटा दगड आणि काठी यांच्यामध्ये सापडला, आणि मग सगळेच खाली आले. मल्लू काठीसकट पुढे फेकला गेला.



धूळ बसली. मगदूमसाहेब कोपरावर उठले. घोट्यातून कळ वर येत होती. तोंडात माती गेली होती, ती त्यांनी थुंकली. गुरुजी चिंचेखालून उठले होते. चार रविवारांत ते पहिल्यांदाच मधेच उठून आले. एक गुडघा धरत, काठी टेकत, उतार सांभाळत ते येईपर्यंत बराच वेळ गेला.

"गुरुजी," मगदूमसाहेब म्हणाले. "मी एक शब्द बोललो नाही."

गुरुजींनी ऐकलं. मान हलवली. मग ते मल्लूकडे वळले.

मल्लू बसला होता. त्याचा उजवा कोपर सोलून निघाला होता. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तो रडत नव्हता. सुटलेल्या दोराचं टोक हातात धरून तो नुसता त्याच्याकडे बघत होता.

"सुमेध, पाणी," गुरुजी म्हणाले.

सुमेधने बाटलीतलं पाणी कोपरावर धरलं. मल्लूने दात आवळून घेतले, पण दोर सोडला नाही.

"गाठ सुटेल हे दिसलं होतं?" गुरुजींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. वेळ विचारावी तसा होता.

"...दिसलं होतं."

"कुठे? उतारावर?"

"नाही. आधी."

"उचलायच्या आधी?"

"बांधत होता तेव्हा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मल्लूने मान वर केली.

"तीन रविवार मी बोललो," मगदूमसाहेब म्हणाले, "तर तुम्ही मला नापास केलंत. आज गप्प बसलो, तर आता—"

"आज पास झालात."

"काय?"

"पास झालात. पडून राहायचं होतं, तुम्ही राहिलात. रिवाज एवढाच आहे." गुरुजींनी शबनममध्ये हात घातला, घडीचा स्कार्फ बाहेर काढला आणि पुढे धरला. "घ्या. पुढच्या रविवारपासून पोरं तुमची."

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. त्याचा आवाज येत होता.

मगदूमसाहेबांचा हात पुढे आला. अर्ध्यावर आला आणि थांबला. स्कार्फ गुरुजींच्या हातात तसाच होता. निळी कड वाऱ्याने जराशी हलत होती. त्यांनी ती कड पाहिली. मग पलीकडे मल्लूचा कोपर पाहिला. पाण्याने धुतल्यावर तिथली कातडी पांढरी आणि लाल दिसत होती.

घेणं सोपं होतं. गल्लीत सांगून झालं होतं. नाही घेतला, तर पथक जूनमध्ये बंद. दुसरा अर्जच नव्हता. घेतला, तर...

हात तसाच राहिला.

"घ्या ना," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी..."

पुढचं वाक्य त्यांना सापडेना. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तेवढ्यात मल्लू उठला. कोपर अंगापासून दूर धरून तो दोन पावलं पुढे आला, गुरुजींच्या हातातला स्कार्फ त्याने सरळ काढून घेतला, झटकून त्याची घडी मोडली आणि मगदूमसाहेबांच्या डाव्या पायाशी मांडी घालून बसला.

"पाय इकडं करा, काका. सुजाय लागलाय."

"अरे, तो स्कार्फ—"

"मोठा हाय. पुरतोय."

कुणी हसलं नाही. स्काऊटचा स्कार्फ कशासाठी असतो, हे मल्लूला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. जखम असली की पट्टी. तो गळ्यात घालायचा असतो ते फक्त मधल्या वेळात.

मल्लूने स्कार्फची रुंद पट्टी केली. जिभेचं टोक बाहेर आलं. टाचेखालून एक वेढा, घोट्यावरून आडवा दुसरा. कोपर दुखत असल्यामुळे उजवा हात नीट वळत नव्हता, म्हणून तो डाव्या हाताने जास्त जोर लावत होता. तिसरा वेढा त्याने असा आवळला की मगदूमसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी ओठ दाबून धरले. मग उघडले. मग पुन्हा दाबले.

बोलावं की बोलू नये, हेच त्यांना आता कळेनासं झालं होतं. त्यांनी मल्लूच्या डोक्यावरून पलीकडे, काठी टेकून उभ्या असलेल्या गुरुजींकडे पाहिलं.

"गुरुजी... हा फार आवळतोय."

गुरुजींनी डोळ्यांवर हात धरून एकदा उन्हाकडे पाहिलं, आणि परतीच्या वाटेला लागत म्हणाले,

"माझ्याकडे काय बघता? पाय त्याच्या हातात आहे."